भिमाजीच्या पिशवीतले किटकॅट

पक्कड खाली ठेव, राज. ठेव म्हणतो ना! आणि मनोज, तूही त्या वायरींपासून लांब हो. इकडे ये, या बाजेवर बस. म्हणे लाइटच नाही, मग भीती कसली! हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. द्वारका चौकात माझं मोटर भरायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसाला तीन-चार जळक्या मोटरी उतरतात, आणि जो तो येऊन हेच सांगतो, काका, लाइट नव्हती हो. अरे, नव्हती म्हणून काय झालं? ती काय सांगून येते?

बसा. बाराला येणार ना लाइट? अजून दीड तास आहे. तोवर माझ्या साडूचं ऐका, वाल्मीकचं. राज, तू ओळखतोस त्याला. मखमलाबादच्या पुढे कालव्याला लागून त्याचं वावर आहे. ही गोष्ट मला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मधे बोलू नका. आधीच माझं टाळकं सरकलंय.

साल दोन हजार पाच. एप्रिलची सव्वीस तारीख, मंगळवार. हनुमान जयंती होऊन दोन दिवस झालेले, त्यामुळे चांदणं भरपूर. वाल्मीकचा दीड एकर कारल्याचा मांडव होता, ऐन तोडणीत आलेला. रोज पहाटे माल पंचवटीच्या मार्केटात जायचा. त्यात मोटर जळाली. मी बाकीची कामं बाजूला ठेवून दोन दिवसांत ती भरून दिली, त्यानं टेम्पोत टाकून नेली, शनिवारी संध्याकाळी बोअरमध्ये सोडली. तेव्हा लोडशेडिंग चालू होतं, शेतीला लाइट रात्री बारा ते सकाळी आठ. बाराला लाइट आली, मोटर चालू झाली, आणि पाणी किती? करंगळीएवढं.

मोटर उलटी फिरत होती. बाकी काही नाही. थ्री फेजला तीन वायरी असतात, त्यांचा क्रम उलटा लागला की मोटर उलटी फिरते. मी त्याला फोनवर सांगितलं, वाल्मीक, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल कर. दोनच. तिसरीला हात लावू नको. हो हो म्हणाला. आणि यानं काय केलं? पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली. तिन्ही एकेक घर सरकवल्या! म्हणे, बदल कसा पक्का व्हायला पाहिजे. अरे शहाण्या, तिन्ही सरकवल्या की फिरून क्रम तोच होतो. रविवारी रात्री परत करंगळी. मी फोनवर एवढा ओरडलो, की दुकानातलं गिऱ्हाईक उठून गेलं. सोमवारी लाइट आली आणि वीस मिनिटांत गेली. मंगळवारपर्यंत मांडवावरची पानं मान टाकायला लागली. वाल्मीकचं डोकं नुसतं तापलेलं. त्यानं ठरवलं, आज लाइट यायच्या आधीच जाऊन दोन वायरी बदलायच्या, म्हणजे बाराच्या ठोक्याला सरळ पाणी.

ठरवलं ते बरोबर. केलं ते चूक. आता नीट ऐका. त्याच्या मोटरघरातला मेन स्विच वर्षापूर्वी जळालेला. नवा बसवायचा सोडून यानं तिन्ही फेज डायरेक्ट स्टार्टरला जोडून टाकलेले. अर्थिंगची तार सोडवून माझ्या मेहुणीला कपडे वाळत घालायला बांधून दिलेली. हसू नका, तुमच्याकडेही तेच आहे, मघाशी आत येताना टॉवेल बघितला मी. म्हणजे वाल्मीकच्या त्या घरात लाइट तोडायची एकच जागा उरली होती. ट्रान्सफॉर्मरखालची डीपी. कालव्याच्या कडेनं दोनशे पावलांवर. तिथं जायचं, फ्यूजचे ते चिनीमातीचे तीन किटकॅट ओढून काढायचे आणि मगच वायरीला हात लावायचा. एवढंच. पण लाइट तर नव्हतीच ना! मग दोनशे पावलं कशाला चालायची?

आता भिमाजीचं सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भिमाजी त्या भागातला खाजगी वायरमन होता. वाल्मीकपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. माझ्या दुकानात यायचा, चहा प्यायचा, आणि माझी अर्धी मोटर भरून होईपर्यंत चुका काढत बसायचा. लय त्रास द्यायचा. कामावर गेला की त्याची एक रीत ठरलेली. लाइट असो, नसो, आधी डीपीवर जायचं. तिन्ही किटकॅट काढायचे, मोठ्यानं मोजायचे, एक, दोन, तीन, आणि स्वतःच्या कापडी पिशवीत टाकून पिशवीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारायची. ती पिशवी गळ्यात अडकवूनच काम करायचा. काम झालं की स्वतःच्या हातानं परत लावायचे, परत मोजायचे. वाल्मीकच्या त्या डीपीवर आठ जणांच्या मोटरी. सगळे शिव्या घालायचे. अर्धा अर्धा तास पाणी बंद ना! तो म्हणायचा, माझ्या पिशवीत किटकॅट असले म्हणजे मला कोणी मारू शकत नाय.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात तो गेला. त्याच डीपीवर खंडेराव म्हणून एक जण होता, त्याच्या विहिरीवर, वायरी जोडता जोडता. बिघाड होऊन दुपारपासून लाइट गेलेली होती, तरी त्यानं किटकॅट काढले होते. संध्याकाळी लाइट आली आणि हा जागेवर चिकटला.

कसं काय? सगळ्या गावाला हाच प्रश्न. मग वाल्मीकनं सांगितलं. म्हणाला, मी ओरडणं ऐकलं, डीपीकडे धावलो, बघतो तर दोन किटकॅट काढलेले, एक राहिलेला. तो मी ओढला आणि घाईत माझ्या हातातून सुटून कालव्यात पडला. लोकांनी वाल्मीकची पाठ थोपटली, पोरगा धावला म्हणून. आणि भिमाजीचं काय? मोजायला चुकला. आयुष्यभर एक-दोन-तीन केलं आणि शेवटी दोनावरच थांबला. चहाच्या टपरीवर लोक हसून सांगायचे. माणूस गेला ते गेलाच. पण त्या हसण्याचा मला लय राग यायचा. बिनचूक काम एवढीच त्याची कमाई होती, तीही यांनी ठेवली नाही.

त्याची पिशवी त्याच्या मेहुण्यानं गर्दीत उचलली आणि घरी नेऊन खुंटीला अडकवली. गाठ तशीच. आत दोन आहेत की तीन, उघडून बघावं असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही. ते माझं मलाच खुपतं.

तर. मंगळवारची रात्र.

वाल्मीक अकराला मोटरघरात गेला. बॅटरी खोक्यावर ठेवली. स्टार्टरचं झाकण उघडलं. डीपीकडून येणाऱ्या तीन वायरी सोडवायला घेतल्या. गरम होत होतं, घाम डोळ्यात जात होता, एक स्क्रू फिरून फिरून सुटत नव्हता. तो मला शिव्या घालत होता, असं त्यानंच सांगितलं. शेवटी सुटला. दोन वायरी दोन हातांत. उघडी तांब्याची टोकं.

तेवढ्यात डीपीकडून आवाज आला. किटकॅट ओढताना कसा करकर आवाज येतो, तसा.

आणि कोणीतरी म्हणालं, "एक."

वाल्मीकला वाटलं, शेजारचा नाथा असेल. त्याचीही मोटर त्याच डीपीवर. तो तिथूनच ओरडला, "ए नाथा! बाराला लाइट येईल, किटकॅट कशाला काढतोस? मला पाणी भरायचं हाय!"

परत करकर.

"दोन."

"अरे बहिरा हायेस का? ठेव ते!"

"तीन."

वाल्मीकचा पारा चढला. तीन दिवस पाणी नाही, आणि आता हा नाथा! वायरी सोडून जावं आणि दोन लगावून यावं, असं त्याला वाटलं. पण स्क्रू एवढ्या मेहनतीनं सुटलेला. म्हणाला, आधी हे उरकू, मग बघतो त्याच्याकडे.

मग पावलं ऐकू आली. कालव्याच्या कडेनं. सावकाश. आणि पावलांबरोबर खुळखुळ. चिनीमातीवर चिनीमाती आपटते ना… तशी.

मोटरघराला दार नव्हतं, नुसती चौकट. वाल्मीकनं मान वळवून बाहेर बघितलं. चांदणं पडलेलं. कालव्याचा बांध पार डीपीपर्यंत दिसत होता. अख्खा मोकळा. कोणी नाही.

खुळखुळ मात्र जवळ येत होती.

"नाथा…?"

चौकटीपाशी येऊन थांबली.

वाल्मीक म्हणतो, हिरामण, मला हात सोडवेनात. वायरी सोडाव्यात एवढंही सुचेना. मी भिंतीकडे बघत उभा. पाठीमागं कोणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं मी ओळखत होतो. सहा वर्षांनी…

एवढं सांगून त्यानं मान वळवून मागं बघितलं.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग कालव्यापलीकडे गावात एकदम दिवे लागले. सगळे. देवळाचा भोंगा मध्येच सुरू झाला. पलीकडच्या डीपीवरच्या मोटरी घूं करून उठल्या.

लाइट आली होती.

वाल्मीकनं घड्याळ बघितलं. अकरा वीस. चाळीस मिनिटं आधी.

त्याच्या दोन्ही हातांत उघड्या वायरी. पाय ओल्या जमिनीवर. मेन स्विच नाही. अर्थिंग नाही.

आणि… काही नाही. वायरी थंड.

मागं खुळखुळ झाली. लांब गेली. बंद झाली.

तो पळत डीपीवर गेला. पेटी उघडी. तिन्ही खाचा रिकाम्या.

सकाळी सात वाजता हा माझ्या दुकानाच्या ओट्यावर. शटर उघडायच्या आधी. चप्पल एकच. मी आधी त्यालाच फैलावर घेतलं, म्हटलं वायरी बदलल्यास का नाही? तर तो रडायलाच लागला. सगळं सांगितलं. नाथाला विचारलंस का? विचारलं होतं. नाथा त्या रात्री सासुरवाडीला, निफाडला. बाकीच्या सगळ्यांना विचारून झालेलं. किटकॅट कोणी काढले नव्हते. आणि ते दुसऱ्याच्या किटकॅटमध्ये मिसळणारेही नव्हते. ते वाल्मीकनंच आणलेले, कोणी बदलून नेऊ नयेत म्हणून त्यानं बायकोच्या, सुवर्णाच्या, नेलपॉलिशनं प्रत्येकावर लाल ठिपका लावलेला.

मग तो म्हणाला, "हिरामण, मी खोटं बोललो होतो. एक किटकॅट राहिला नव्हता. भिमाजीदादानं तिन्ही काढले होते. दुपारपासून लाइट नव्हती. मला वाटलं, हा आता चहा पीत बसेल, लाइट आली तरी आपली मोटर बंदच राहील. मी तिन्ही खाचांत वायरीचे तुकडे घातले. लाइट आली, आणि ओरडणं ऐकू आलं. तुकडे ओढून कालव्यात फेकले, आणि मग ते एकाचं सांगितलं."

मी त्याच्या कानाखाली मारली. भर द्वारकेवर. रिक्षावाले बघत होते. सख्खा साडू माझा, पण मारली, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. मग गाडीवर मागं बसवला आणि सरळ भिमाजीच्या घरी नेला. म्हटलं, हे मला नको सांगू. लंकाबाईंना सांग.

लंकाबाई म्हणजे भिमाजीची बायको. ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. वाल्मीक त्यांच्या समोर उभाही राहू शकेना, खालीच बसला. म्हणाला, "वहिनी, दादा चुकला नव्हता. वायरी मी घातल्या होत्या."

लंकाबाई मेथी निवडतच राहिल्या. चार-पाच काड्या निवडल्या असतील. मग म्हणाल्या, "काय म्हनलास? परत म्हन."

त्यानं परत सांगितलं. सगळं.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं लोकं मला सांगत्यात, तुझा नवरा मोजायला चुकला. पोरीच्या लग्नात बी म्हनले. मी ती पिशवी उघडली नाय रं. मला भ्याव वाटायचं. आत दोनच निघाले तर? म्हनलं, राहू दे. न उघडलेली बरी."

उठल्या, आत गेल्या आणि पिशवी खुंटीवरून काढून आणली. मी जवळून बघितली ती. वर बोटभर धूळ. गाठीवर कोळ्याचं जाळं, अख्खं, कुठंही न तुटलेलं. भिमाजीची गाठ मी ओळखतो, दोन फेरे आणि वर फास. सुतळी इतकी आवळली होती, की सुटेना. बाईंनी विळ्यानं कापली.

हात आत घातला.

"एक." ओट्यावर ठेवला. जुना, काळपट.

"दोन."

मग थांबल्या. हात पिशवीत तसाच. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वाल्मीकनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, बाई, काढा लवकर, नाहीतर माझाच जीव जाईल.

"तीन."

आणि त्या जोरात रडल्या. ओरडून रडल्या. "नव्हता चुकला! माझा मानूस नव्हता चुकला!" शेजारच्या बायका धावत आल्या. मीही रडलो, लपवत नाही. सहा वर्षांपूर्वी मीच ती पिशवी उघडायला पाहिजे होती.

रडता रडता बाईंनी पिशवी झटकायला म्हणून हातात घेतली. आणि खुळखुळ झाली.

शेजारच्या बायका मागं सरकल्या.

त्यांनी परत हात घातला.

"…चार."

पांढराशुभ्र. त्याच्यावर लाल ठिपका.

"पाच."

लाल ठिपका.

"सहा."

जाळं मी बघितलं होतं. गाठ मी बघितली होती. माझ्यासमोर कापली.

लंकाबाई त्या सहांकडे बघत बसल्या. मग वाल्मीककडे बघितलं. मला वाटलं, आता हात जोडतील, देव-देव करतील. नाही. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. "तुला वाचवायला गेला व्हय रं तो? ज्यानं मारला त्यालाच? सहा वर्षांत एकदा मला दिसला नाय, स्वप्नात बी आला नाय, आन् तुझ्या किटकॅटला बरा आला! मेल्यावर बी मेल्याला लोकाचीच कामं!" आणि त्यांनी एक लाल ठिपक्याचा उचलून वाल्मीकला फेकून मारला. कपाळाला लागला त्याच्या. रक्त आलं. तो हलला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी वाल्मीक चहाच्या टपरीवर उभा राहिला, आणि सगळं गाव जमलेलं असताना जे केलं ते बोलला. त्याचं पुढे जे झालं ते झालं, भोगलं त्यानं. मी त्याला नवा मेन स्विच बसवून दिला, कपड्यांची तार काढून अर्थिंगला लावली, कुठल्याही दोन वायरी बदलल्या. दोनच. मनगटाएवढं पाणी पडलं.

बाकीचे पाच किटकॅट अजून लंकाबाईंच्या खुंटीला आहेत. सहावा, जो फेकून मारला, तो मी उचलला. तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पेटीत असतो. थांब, काढतो. हा. घे हातात, राज. घे, चावत नाही. बॅटरी मार त्याच्यावर. ठिपका दिसला?

आता सांग मला. लाइट नाही ना आत्ता?

…नाही ना? मग घाल की हात त्या वायरीत. आता का गप्प?

बरं. बॅटरी घेऊन जा, मनोज, तूही जा त्याच्याबरोबर. डीपीवरचे तिन्ही काढा आणि खिशात घालून आणा. आणि काढताना मोठ्यानं मोजा. मला इथं ऐकू आलं पाहिजे.